जलतरण तलावाच्या पाण्याचा रोजमेळ

उन्हाळी सुट्टी लागली की तीर्थपुरी आणि आसपासच्या गावांतील घराघरांत एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : मुलांनी पोहायला शिकायचे कुठे? पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून परभणीकडे जातो. त्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला आणि विहिरींनाही पाझर लाभला. आजोबांच्या पिढीने कमरेला वाळलेला भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधून अशाच विहिरीत हातपाय मारले. आजची मुले सुट्टीत मामाकडे पुण्याला किंवा आत्याकडे छत्रपती संभाजीनगरला जातात आणि तेथे महापालिकेच्या अथवा गृहसंकुलाच्या तलावावर त्यांचे नाव घातले जाते. सहलीसाठी वॉटर पार्क आणि लग्नकार्यासाठी तलाव असलेले रिसॉर्ट हेही आता व्यापारी कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे.

नाव घालताना पालक शुल्क विचारतात, वेळ विचारतात, प्रशिक्षक कोण आहे तेही विचारतात. पाण्याविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. पाणी निळे दिसते, क्लोरीनचा वास येतो, म्हणजे ते स्वच्छ असणार, असे गृहीत धरले जाते. निळा रंग बहुतेक वेळा तळाच्या फरशीचा असतो आणि तो उग्र वास शुद्धतेचा पुरावा नसतो. दुकानात गर्दी दिसली म्हणून नफा झाला असे कोणताही व्यापारी मानत नाही. संध्याकाळी रोजमेळ लिहून शिल्लक पाहिल्यावरच तो बोलतो. तलावाच्या पाण्यालाही असाच रोजमेळ असतो आणि तो पाहण्याचा अधिकार तेथे पोहणाऱ्या प्रत्येकाला असला पाहिजे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवडाभराच्या अंतराने महाराष्ट्रातील दोन सार्वजनिक तलाव बातम्यांत आले. ३ ऑक्टोबरला मुंबईत दादरच्या महात्मा गांधी जलतरण तलावात पहाटे मगरीचे पिल्लू आढळले. तलाव सभासदांसाठी खुला करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांनी नेहमीप्रमाणे पाहणी केली, म्हणूनच ते वेळेत दिसले. या बातमीवर लोक खूप हसले. पण रोजच्या पाहणीचा उपयोग याहून चांगल्या रीतीने कोणी सांगू शकला नसता. पुढच्याच आठवड्यात, १० ऑक्टोबरला सकाळी, पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या कासारवाडी येथील तलावात क्लोरीन वायूची गळती झाली. पोहणाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना खोकला व श्वास घेण्यास त्रास होऊ लागला आणि अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या द्रव्याने पाणी सुरक्षित करायचे, तेच निष्काळजीपणे किंवा अपघाताने सुटले तर माणसाला गुदमरवू शकते. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असलेला हा वायू जमिनीलगत आणि पाण्याच्या पृष्ठभागावर पसरतो, म्हणजे नेमका पोहणाऱ्याच्या नाकापाशी. अचानक डोळे व घसा झोंबणारा वास आला, तर पाण्यातून बाहेर यावे आणि वारा जिकडून येत आहे त्या बाजूला, शक्यतो उंचावर जावे. कपडे, चपला, मोबाईल घेण्यासाठी थांबू नये. हे मुलांना आधीच सांगून ठेवण्यासारखे आहे.

क्लोरीन : जमा, खर्च आणि अडकलेली रक्कम

पाण्यात क्लोरीन मिसळला की त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतूंचा नाश मुख्यतः तेच करते. पोहणाऱ्याच्या अंगावरचा घाम, तेल, लघवी, साबणाचा अंश, पाण्यात पडलेला पालापाचोळा या सर्वांशी क्लोरीनची गाठ पडते आणि तो खर्ची पडतो. हा खर्च भागल्यावर जो मोकळा उरतो त्याला मुक्त क्लोरीन म्हणतात. हीच खरी हातातली शिल्लक. घाम आणि लघवीतील नत्रयुक्त पदार्थांशी संयोग पावलेला क्लोरीन पाण्यात असतो खरा, पण त्याची जंतुनाशक शक्ती फारच कमी झालेली असते. त्याला संयुक्त क्लोरीन किंवा क्लोरामाइन म्हणतात. खातेवहीवर दिसणारी, परंतु वसूल न होणारी उधारी म्हणावी तसा हा प्रकार आहे.

आश्चर्य वाटेल, पण जलतरण तलावाचा म्हणून जो उग्र वास ओळखला जातो तो या क्लोरामाइनचाच असतो. पोहून आल्यावर डोळे लाल होतात आणि मुलगा म्हणतो, ‘आज क्लोरीन जास्त टाकला होता.’ बहुधा वस्तुस्थिती उलट असते. पोहणाऱ्यांच्या मानाने मुक्त क्लोरीन कमी पडलेला असतो. नीट राखलेल्या तलावाला वास फारच थोडा येतो.

येथे ग्रामीण वाचकांच्या ओळखीची एक गोष्ट सांगणे जरूर आहे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग पावडर ‘टीसीएल’ या नावाने ओळखली जाते आणि ती पुरेशी पडली की नाही हे ‘ओटी’ चाचणीने पाहतात. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. विहिरीच्या किंवा टाकीच्या स्वच्छ पाण्यासाठी ही साधी चाचणी वर्षानुवर्षे उपयोगी पडली आहे. तलावावर मात्र ती दिशाभूल करू शकते, कारण मुक्त आणि संयुक्त अशा दोन्ही क्लोरीनने पाणी पिवळे होते. शेदीडशे माणसे पोहून गेलेल्या पाण्याला गडद पिवळा रंग आला म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी ‘डीपीडी’ ही दुसरी चाचणी वापरतात. तिच्या पहिल्या गोळीने येणारा गुलाबी रंग मुक्त क्लोरीन दाखवतो. नंतरच्या गोळीने एकूण क्लोरीन कळतो. दोहोंतील फरक म्हणजे संयुक्त क्लोरीन. तलावावर कोणती चाचणी वापरली जाते, एवढा एकच प्रश्न विचारला तरी तेथील व्यवस्थेची पुष्कळ कल्पना येते.

प्रमाण किती असावे? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या शिफारशीप्रमाणे साध्या तलावात मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि गरम पाण्याच्या तलावात किमान ३ पीपीएम असावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जलतरण तलावांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे आणि आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३३२८ हे मानक या पाण्याच्या गुणवत्तेविषयी आहे.

एका सामान्य तलावाचा हिशोब मांडून पाहू. लांबी २५ मीटर, रुंदी साडेबारा मीटर आणि सरासरी खोली दीड मीटर धरली तर पाणी होते ४,६८,७५० लिटर. त्यात १ पीपीएम क्लोरीन आणण्यासाठी शुद्ध क्लोरीन लागतो सुमारे ४६९ ग्रॅम. ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर वापरली तर ती जवळपास १ किलो ४२० ग्रॅम लागेल. पोते उघडे राहिले, दमट जागी पडून राहिले, तर तिचे टक्के घसरत जातात. मग वजन तेच, पण माल निम्म्या ताकदीचा. शिवाय हा आकडा केवळ जमा बाजूचा आहे. कडक ऊन मुक्त क्लोरीनचा नाश करते. दुपारच्या उन्हात उघड्या तलावातील असुरक्षित क्लोरीनचा मोठा भाग दोन-तीन तासांत नाहीसा होतो. म्हणून सकाळी सहाला टाकलेल्या पावडरीच्या भरवशावर संध्याकाळची पाचची मुलांची तुकडी पाण्यात उतरवणे म्हणजे सकाळच्या शिल्लकेवर संध्याकाळचा धनादेश फाडणे होय.

क्लोरीनइतकेच महत्त्व पीएचला आहे, पण त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पाण्याचा आम्लपणा किंवा अल्कपणा दाखवणारा हा आकडा ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मा भाग प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो. तो ८ झाला की हा भाग पाव किंवा त्याहूनही कमी उरतो. वहीत क्लोरीन १ पीपीएम लिहिलेला आहे, पण पीएच साडेआठ आहे, तर त्या एकाला फारसा अर्थ राहत नाही. मराठवाड्याच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. त्यात टीसीएल पावडर पीएच आणखी चढवते, फरशीवर पांढरी पुटे धरतात आणि पाणी दुधाळ दिसू लागते. मग पीएच उतरवण्यासाठी आम्ल वापरावे लागते. हे आम्ल आणि क्लोरीनची पावडर किंवा द्रावण कधीही एकत्र येता कामा नये. एकाच मापाने दोन्ही मोजणेसुद्धा धोक्याचे. दोन्हींचा संयोग झाला की जागच्या जागी क्लोरीन वायू सुटतो. निरनिराळ्या प्रकारची क्लोरीनची द्रव्येही एकमेकांत मिसळू नयेत, त्यांतून आग लागू शकते. आणि द्रव्य पाण्यात टाकावे, द्रव्यावर पाणी ओतू नये. किराणा आणि रसायनांच्या घाऊक व्यापारातील वाचकांना हे गोदामातही उपयोगी पडेल.

टँकरचे पाणी आणि साठत जाणारे आम्ल

पाणी मुबलक असलेल्या प्रदेशासाठी लिहिलेली नियमावली जालना-बीडसारख्या जिल्ह्यांत अडखळते. तलावातील जुने पाणी थोडे थोडे काढून नवे भरत राहावे, हा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय आहे. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा गावाला पिण्याचे पाणी टँकरने येते, तेव्हा तलावाचे पाणी बदलायचे कोणत्या तोंडाने? वरच्या उदाहरणातील तलावाची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला एक सेंटीमीटर उतरली तरी ३,१२५ लिटर पाणी हवेत जाते. तेवढे भरावे लागतेच. पण उडून जाते ते शुद्ध पाणी. क्षार आणि मळ मागेच राहतात.

यात भर पडते ती बाजारात सोयीस्कर म्हणून खपणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्यांची. ट्रायक्लोरच्या या गोळ्यांत सायन्यूरिक आम्ल असते. ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणून थोडे असणे चांगले. परंतु क्लोरीन खर्च होतो आणि हे आम्ल पाण्यातच राहते. या गोळ्यांतून १ पीपीएम क्लोरीन मिळाला की सायन्यूरिक आम्ल सुमारे ०.६ पीपीएमने वाढते. रोज २ पीपीएमची भर घातली तर नव्वद दिवसांच्या हंगामात ते १०८ पीपीएमपर्यंत जाते. शंभराच्या पुढे गेले की क्लोरीनला जणू बेड्या पडतात. चाचणीत तो दिसतो, पण जंतूंवर त्याचे काम अतिशय मंदावते. त्यावर गोळ्या वाढवल्या तर आम्लही वाढते. कर्जाचे व्याज भागवण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याची जी गत होते, तीच या तलावाची. पाणी काही प्रमाणात बदलणे हाच त्यावर व्यवहार्य इलाज आहे. म्हणून पाण्याची टंचाई असलेल्या भागात सुरुवातीपासून गोळ्यांवर सर्व भार न टाकता द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट किंवा टीसीएलचा वापर आणि वेळच्या वेळी चाचणी हा मार्ग अधिक शहाणपणाचा. तलावावर सावली किंवा रात्री आच्छादन घालणे हेही खर्चाच्या मानाने फायद्याचे ठरते. टँकरच्या भरवशावर उभारलेला तलाव मुळात उभारावाच का, हा प्रश्न मात्र उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

गाळलेले पाणी आणि न दिसणारे जीव

पाणी गाळून वापरण्याचा संस्कार जैन घरांत लहानपणापासून असतो. दुहेरी जाड वस्त्र, गाळल्यानंतर जिवाणी जपून पुन्हा मूळ जलाशयात सोडणे, हे सांगावे लागत नाही. अशा वस्त्राच्या उपयोगाविषयी आधुनिक शास्त्रानेही नोंद घेतली आहे. बांगलादेशातील मतलब भागात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून गाळलेले पाणी वापरणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवकांना चिकटलेले असतात, म्हणून प्लवके अडली की बरेचसे जंतूही अडतात.

तलावाची वाळूची गाळणी हेच काम मोठ्या प्रमाणावर करते. पंप पाणी खेचतो, वाळूच्या थरांतून दाबाने ढकलतो आणि परत तलावात सोडतो. सार्वजनिक तलावाचे सर्व पाणी साधारणपणे चार ते सहा तासांत एकदा गाळणीतून फिरावे, असा संकेत आहे. विजेचे बिल वाचवण्यासाठी रात्रभर पंप बंद ठेवणारे व्यवस्थापन कमी नाही. पण सुटे जंतू वाळूच्या कणांमधून सहज निसटतात. त्यांच्यासाठी क्लोरीनच लागतो. गाळणी आणि क्लोरीन यांपैकी एकावर दुसऱ्याचे काम सोपवता येत नाही. जलक्रीडेविषयी शास्त्राचे म्हणणे काय, हा येथे विषय नाही. मुलांना पाण्यात पाठवायचे ठरले असेल, तर ते पाणी कसे असावे एवढाच आहे.

क्लोरीनलाही मर्यादा आहे. योग्य प्रमाणात असलेला मुक्त क्लोरीन ई-कोलाय हा जिवाणू एका मिनिटाच्या आत मारतो. हिपॅटायटिस-अ विषाणूला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र १ पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवसांहून अधिक काळ तग धरतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात नळाच्या पाण्यातून त्याचा फैलाव झाला, तेव्हा सुमारे ४ लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज होता. तलावात हा जीव येतो तो जुलाब झालेल्या माणसाबरोबर. एखाद्या बालकाला पाण्यात पातळ शौच झाले तर तलाव ताबडतोब रिकामा करून २० पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास टिकवावा लागतो, असे अमेरिकन केंद्राचे मार्गदर्शन आहे. एका दिवसाचे शुल्क वाया जाऊ नये म्हणून पोट बिघडलेल्या मुलाला तलावावर पाठवणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. जुलाब थांबल्यावरही काही दिवस, आणि क्रिप्टोचे निदान झाले असेल तर दोन आठवडे, पाण्यात उतरू नये.

पोहण्यापूर्वी एक मिनिटभर अंग धुतले तरी घाम आणि मळाचा बराचसा भाग निघून जातो. आपल्याकडे मुलांच्या डोक्याला तेल चोपडलेले असते, सुती बनियनवरच पाण्यात उडी मारली जाते, आणि फवाऱ्याखाली उभे राहण्याची सक्ती केली की पालकांनाच अपमान वाटतो. याहून पुढची तऱ्हा अलीकडे रिसॉर्टवरील लग्नांत दिसते. हळदीचा कार्यक्रम तलावाकाठी ठेवतात. हळद, तेल, फुलांच्या पाकळ्या आणि नाचून घामाघूम झालेले पन्नास वऱ्हाडी एकदमच पाण्यात उतरतात. तासाभरात मुक्त क्लोरीन शून्यावर येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात लहान मुले खेळतात. हौसेला मोल नसते असे म्हणतात, परंतु हळद लागलेल्यांनी आधी अंग धुवून मग पाण्यात उतरावे, एवढी अट यजमानाने घातली तर हौसेत काही उणे पडणार नाही.

गरम पाण्याचा तलाव

रिसॉर्टमधील बुडबुड्यांच्या गरम टाकीचे, ज्याला सर्रास जकुझी म्हणतात, गणित आणखी कठीण आहे. १,५०० लिटरच्या टाकीत चौघे बसले तर माणशी ३७५ लिटर पाणी येते. मघाच्या मोठ्या तलावात एवढीच दाटी व्हायची असेल तर तेथे एका वेळी १,२५० माणसे उतरावी लागतील! पाणी गरम असल्याने घाम अधिक येतो आणि हवेच्या बुडबुड्यांमुळे क्लोरीन लवकर उडून जातो. म्हणून येथे चाचणी दिवसातून दोन-तीनदा नव्हे, तर वापर चालू असताना तासा-दोन तासांनी व्हावी लागते आणि पाणीही वरचेवर पूर्ण बदलावे लागते. तसे न झाल्यास स्यूडोमोनास जंतूमुळे अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, लाल पुटकुळ्या उठतात. कानाचा ठणकाही त्यामुळेच होतो.

याहून गंभीर रोग लिजिओनेलाचा. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडले. २५ ते ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हा जंतू वाढतो आणि तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधील बोवेनकार्स्पेल येथे फुलांचे प्रदर्शन भरले होते. तेथे गरम पाण्याची बुडबुड्यांची टाकी मांडून ठेवलेली होती. तिच्या तुषारांतून साथ पसरली आणि किमान ३२ जण दगावले. प्रदर्शन पाहायला आलेल्या या लोकांना टाकीत उतरण्याचीही गरज पडली नाही. साठीपुढचे ज्येष्ठ, धूम्रपान करणारे, मधुमेही आणि फुप्फुसाचे विकार असलेले यांनी ज्या टाकीची नोंदवही पाहायला मिळत नाही तिच्याजवळ बसणेही टाळावे. गर्भवती स्त्रियांनी गरम टाकीत उतरण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

वज्रेश्वरीजवळील अकलोलीची कुंडे किंवा किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथील गंधकयुक्त उष्ण पाणी यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे निसर्ग सतत ताजे पाणी पुरवतो. झरा वाहता आहे आणि माणसे मोजकी आहेत तोवर तो प्रवाहच कुंड धुऊन काढतो. यात्रेच्या दिवशी शेकडो लोक एका लहान कुंडात उतरतात, तेव्हा झऱ्याला तेवढा वेळ मिळत नाही. ‘गंधकामुळे सर्व जंतू मरतात’ ही समजूत भाबडी आहे. त्वचेवर उघडी जखम किंवा खरूज असलेल्यांनी कुंडात न उतरता बाहेर तांब्याने पाणी घ्यावे, हेच इतरांच्या आणि त्यांच्याही हिताचे.

गावाकडील विहिरी आणि शेततळी यांविषयी दोन शब्द. साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो. तो पोटात गेल्याने अपाय होत नाही. नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर मात्र होणारा मेंदूज्वर बहुधा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ या वर्षांत असे रुग्ण आढळले. कोळिकोड जिल्ह्यातील चौदा वर्षांचा एक मुलगा वेळीच निदान झाल्याने बरा झाला, ही जगातही दुर्मीळ गोष्ट ठरली. त्यानंतर तेथील शासनाने विहिरींच्या क्लोरीनीकरणाची मोहीमच हाती घेतली. हा रोग अत्यंत विरळा आहे, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मे महिन्यात तळ गाठलेल्या विहिरीत नाक न धरता सूर मारणे आणि तळाचा गाळ ढवळणे मुलांनी टाळावे. पोहून आल्यावर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या आणि मान आखडणे असे झाले, तर डॉक्टरांना पोहण्याविषयी आवर्जून सांगावे.

नोंदवही कशी वाचावी

पुण्या-संभाजीनगरच्या अनेक गृहनिर्माण संस्थांत खजिनदाराचे काम व्यापारी समाजातील कार्यकर्त्यांकडे असते. तलावाच्या देखभालीचा ठेका सर्वांत कमी दराच्या निविदेला देण्याचा मोह त्यांना होतो आणि त्यात चाचणीचा खर्च प्रथम कापला जातो. वास्तविक डीपीडीच्या गोळ्यांचा खर्च पाण्याच्या एखाद्या टँकरपुढे किरकोळ आहे.

नोंदवहीत तारीख आणि वेळ, मुक्त व एकूण क्लोरीन, पीएच, पोहणाऱ्यांची संख्या, टाकलेले द्रव्य आणि गाळणी उलटी धुतल्याची नोंद असावी. नोंदी दिवसातून किमान तीन वेळा हव्यात आणि त्यांतली एक गर्दीच्या वेळेनंतरची असावी. महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जंतुतपासणीसाठी गेला पाहिजे आणि तो नमुना ठेकेदाराने सोयीच्या वेळी घेतलेला नसावा.

वही वाचताना हिशोबनिसाची नजर लागते. रविवारी दोनशे माणसे, मंगळवारी चाळीस, आणि क्लोरीन मात्र दोन्ही दिवशी १.०, पीएच ७.४, संपूर्ण महिना एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात, ही वही महिनाअखेरीस बसून भरलेली आहे, हे ओळखायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. खऱ्या वहीत आकडे वरखाली होतात. एखाद्या दिवशी ०.४ लिहिलेले असते आणि त्यापुढे ‘तलाव दीड तास बंद, द्रव्य टाकून पुन्हा तपासले’ अशी नोंद असते. अशी नोंद दिसली तर सभासदांनी तक्रार करू नये, त्या कर्मचाऱ्याचे नाव विचारून घ्यावे.

वही मिळाली नाही तरी काठावर उभे राहून काही गोष्टी कळतात. सर्वांत खोल टोकाच्या तळावरील पाणी जाण्याची जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर तळाशी गेलेला माणूसही दिसणार नाही. असा तलाव त्या क्षणी बंद व्हायला हवा. पाण्याच्या रेषेवरील फरशीला बोट लावून पाहावे. ती बुळबुळीत लागली तर गाळणी आणि क्लोरीन दोन्ही कमी पडत आहेत.

हंगाम संपल्यावर लाखो लिटर पाणी नाल्यात सोडून देण्याची रीत मराठवाड्यात तरी बंद व्हावी. क्लोरीनयुक्त पाण्याने नाल्यातील मासे आणि इतर जलचर मरतात. आठ-दहा दिवस आधी द्रव्य टाकणे थांबवले की उन्हानेच क्लोरीन उतरतो. गोळ्यांवर चाललेल्या तलावाला याहून अधिक दिवस लागू शकतात, म्हणून दिवस न मोजता चाचणीच करावी. तीत शून्य आले की हे पाणी रस्त्यावरील झाडांना, बांधकामाला किंवा अंगणात मारायला चालते. त्यात क्षार अधिक असल्याने एकाच शेताला वारंवार देऊ नये. आणि गाळणी धुतलेले पहिले गढूळ पाणी वेगळ्या खड्ड्यात जिरवावे.